पॉलिशआधी क्ले बार: ठाणे-नवी मुंबईच्या गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रबाळ्याला आमचं गाड्या डिटेलिंगचं छोटं गॅरेज आहे. ठाण्याहून, ऐरोलीहून, वाशी-नेरूळहून जे फोन आणि मेसेज येतात त्यातले बरेचसे फिरून फिरून क्ले बारवरच येतात. दर वेळी तेच टाइप करण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवलंय. प्रश्नांना आकडे दिलेत. एखाद्या गोष्टीचं सविस्तर उत्तर दुसरीकडे असेल तिथे तो आकडा सांगितलाय.

१. क्ले बार म्हणजे नक्की काय? शाडूसारखी माती का? घरात मुलांची क्ले पडलीये, ती चालेल?

नावात क्ले असली तरी पेणच्या गणपतींशी तिचा काही संबंध नाही. हा कृत्रिम, ताणला जाणारा, चिकटसर गोळा असतो आणि त्यात अतिशय बारीक घासणारी पूड कालवलेली असते. मूळची ही जपानी वस्तू. नव्वदच्या दशकात ती जगभर पसरली. ओल्या पत्र्यावरून फिरवली की रंगाच्या वर डोकं काढून बसलेला कण ती पकडते, उपटते आणि पोटात घेते. सपाट रंगावरून नुसती घसरत जाते.

मुलांची क्ले लावू नका. तिच्यात तेल आणि रंग असतो, ती पत्र्यावर लिंपली जाते. एकाने हिरवी क्ले बोनेटवर घासून आणली होती. ती काढण्यातच आमची सकाळ गेली.

२. गाडी धुतली की चकाचक दिसते. मग क्ले कशाला?

कारण ही डोळ्यांची परीक्षा नाही, बोटांची आहे. गाडी स्वच्छ धुवून पुसा. ब्रेडची रिकामी पातळ पिशवी उलटी करून हातात घाला आणि बोटांची टोकं बोनेटवरून अलगद फिरवा. नुसत्या बोटाला जे जाणवत नाही ते पिशवीतून लगेच कळतं. काचेसारखं गुळगुळीत लागलं तर क्लेची गरज नाही, पैसे वाचले. रव्यावरून हात फिरवल्यासारखं खरखरीत लागलं तर रंगात काहीतरी रुतून बसलंय, आणि ते शाम्पूने जाणार नाही.

बोनेट, टप, डिकीचं झाकण आणि चाकांमागचा दारांचा खालचा भाग हे सगळं वेगवेगळं तपासा. बहुतेक गाड्यांची दारं वरच्या अंगाला साफ निघतात. जिथे खरखर लागेल तिथेच क्ले करा. सगळ्या गाडीवर फिरवलीच पाहिजे असा कुठे नियम नाही.

३. आमच्याकडे ठाणे-नवी मुंबईत गाडीवर असं काय बसतं? मी तर गाडी रोज पुसून घेतो.

आधी धूळ बाजूला काढू. पारसिकच्या डोंगराकडची दगडाची भुकटी, घोडबंदर रोडवरच्या मेट्रोच्या कामाची माती, ही पृष्ठभागावर नुसती पडलेली असते आणि पाण्याने जाते. तिच्यासाठी क्ले नको. उलट ती अंगावर असताना क्ले फिरवली तर पॉलिश पेपर घासल्यासारखं होईल.

क्लेचा खरा गिऱ्हाईक म्हणजे लोखंडाचा कण. ब्रेक लागतात तेव्हा, रुळावर चाक घासतं तेव्हा, लोखंड सूक्ष्म कणांनी हवेत उडतं. कण गरम असतात, रंगाच्या वरच्या थरात टोचून बसतात आणि ओल लागली की गंजतात. पांढऱ्या गाडीवर केशरी टाचण्या टोचल्यासारखे ठिपके दिसतात ते हेच. ठाण्याला १८५३ साली, १६ एप्रिलला, देशातली पहिली प्रवासी गाडी आली. कळवा, ठाणे स्टेशन, सानपाडा-तुर्भे या पट्ट्यात रुळांना लागून गाडी लावणाऱ्यांना त्याचा एवढा प्रसाद मिळतोच. रेल्वेच नव्हे, रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीच्या ब्रेकमधून हा चुरा निघतो, म्हणून ठाणे-बेलापूर रोडच्या रांगेत रोज उभे राहणारेही त्यात आले.

दुसरा गुन्हेगार कुणाच्या ध्यानात येत नाही: सोसायटीत ग्रिल बसवणाऱ्याचा ग्राइंडर. ठिणगी म्हणजे तापलेलं लोखंडच. माझी स्वतःची पांढरी गाडी दोन तास अशा बाल्कनीखाली होती. दोन पाऊस पडल्यावर टपावर आणि मागच्या काचेवर गोवर उठल्यासारखं झालं.

याशिवाय डांबराचे शिंतोडे, झाडांचा चिकट थेंब (प्रश्न २२), इमारत रंगवताना उडालेला फवारा आणि सिमेंट (प्रश्न २१). आणि रोज पुसून घेण्याचं म्हणाल तर, एकाच बादलीत आणि एकाच फडक्याने सकाळी वीस गाड्या पुसल्या जातात. त्याने रुतलेला कण निघत नाही. बारीक चरे मात्र रोज पडतात.

४. पॉलिशच्या आधीच का करायचं? पॉलिश मशीन सगळंच घासून काढेल ना?

मशीनचा पॅड मिनिटाला हजारो वेळा फिरतो. त्याखाली एखादा लोखंडी कण सुटला तर तो पॅडमध्ये अडकतो आणि त्याच वेगाने तुमच्या बोनेटवर गोल गोल ओढला जातो. चरे काढायला बसलेला माणूस नवे चरे पाडत असतो आणि त्याला ते लाइट लावेपर्यंत कळत नाही. न सुटलेल्या कणावरून पॅड उड्या मारत जातो, तिथे चमक एकसारखी येत नाही. म्हणून आधी क्ले, मग पॉलिश, मग वॅक्स किंवा कोटिंग (रंगावरचा संरक्षक थर). उलट क्रमात केलं तर क्ले तुमचंच ताजं वॅक्स उतरवेल.

५. क्लेने ओरखडे जातात का?

नाही. ओरखडा म्हणजे खड्डा. क्ले उंचवटे काढते.

६. फाइन, मीडियम, हेवी असे प्रकार असतात. कुठला घेऊ? आणि कुठल्या कंपनीचा?

घरी करणार असाल तर फाइन, डोळे मिटून. ठाणे-मुंबईतल्या दोन-चार वर्षं वापरलेल्या गाडीला तो पुरतो, विशेषतः आधी आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचे कण विरघळवणारं द्रव, मारला असेल तर (प्रश्न १०). मीडियम काम लवकर उरकतो, पण मागे धूसर चरे सोडतो. तो लावला तर नंतर मशीन पॉलिश करावंच लागतं. हेवी बार घरच्या माणसाने विकत घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. तो रंगाचे फवारे उडालेल्या, वर्षानुवर्षं उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाड्यांसाठी आहे आणि सवय नसलेल्या हातात तासाभरात बोनेट दुधाळ करून ठेवतो.

कंपनीपेक्षा ग्रेड महत्त्वाची. रंगावरून ग्रेड ओळखायला जाऊ नका. एका कंपनीचा निळा फाइन असतो, दुसरीचा निळा मीडियम. पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. ग्रेड लिहिलेलीच नसेल तर तो बार घेऊ नका.

७. क्ले मिट आणि क्ले टॉवेलसुद्धा मिळतात. बारपेक्षा बरे का?

मिट म्हणजे क्लेसारखा थर दिलेला हातमोजा, टॉवेल म्हणजे तसंच फडकं. वेगाच्या बाबतीत, हो. मोठ्या एसयूव्हीचा टप बारने करताना हात भरून येतात, मिटने पंधरा मिनिटांत होतो. खाली पडला तर धुवून परत वापरता येतो, हाही फायदा. पण बार मळून नवी बाजू काढता येते, मिटचं तोंड तेच राहतं. त्यात अडकलेला कण पुढच्या पॅनलवर जाऊ शकतो, म्हणून तो सतत खंगाळत राहावं लागतं. शिवाय बोटाखाली कण सुटल्याचं जे जाणवतं ते मिटमधून जाणवत नाही. पहिल्यांदाच करणाऱ्याने बारच घ्यावा. हाताला एकदा भाषा कळली की मग मिट घ्या.

८. लुब्रिकंट वेगळं घ्यावंच लागतं का? भांड्याचं लिक्विड पाण्यात घालून चालेल?

कोरड्या पत्र्यावर क्ले कधीच नाही, ही एकच गोष्ट या पानावरून घेऊन गेलात तरी पुरे. लुब्रिकंट बाटलीतलंच हवं असं मात्र नाही. चांगल्या, वॅक्स नसलेल्या कार शाम्पूचं नेहमीपेक्षा जरा दाट पाणी स्प्रेच्या बाटलीत भरलं तरी काम होतं. क्विक डिटेलर (धुतलेल्या गाडीवर मारून पुसायचा चमकेचा स्प्रे) चालतो. रिन्सलेस वॉशचं, म्हणजे नंतर पाण्याने खंगाळावं न लागणाऱ्या शाम्पूचं, पाणी तर उत्तमच (प्रश्न ११).

भांड्याचं लिक्विड नको. ते तेलकटपणा कापायला बनवलेलं असतं आणि निसरडेपणा टिकवत नाही, क्ले मध्येच अडखळते. काही बार त्यात विरघळल्यासारखे होऊन चिकट पट्टे सोडतात. स्पिरिट किंवा थिनर असलेल्या कुठल्याही द्रवाबरोबर क्ले वापरू नका, कारण तेच.

९. सुरुवातीपासून क्रमाने सांगाल का? पहिल्यांदाच करतोय.

गाडी सावलीत हवी आणि पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात याचा अर्थ सकाळी नऊच्या आत किंवा स्टिल्ट पार्किंगमध्ये. तापलेल्या बोनेटवर लुब्रिकंट क्षणात वाळतं आणि क्ले च्युइंगगमसारखी चिकटते.

आधी नीट धुलाई, मग डांबराचे ठिपके असतील तिथे टार रिमूव्हर, मग आयर्न रिमूव्हर, आणि प्रत्येकानंतर भरपूर पाणी. आता साधारण १०० ग्रॅमच्या बारचे दोन-तीन तुकडे करा. एक वापरायला, बाकी डब्यात. अख्खा बार एकदम हातात घेऊ नका, कारण तो पडला तर अख्खा जाईल (प्रश्न १२). तुकडा कोमट हातात मळून पुरीएवढी चपटी चकती करा. पावसाळी गारव्यात कडक वाटला तर दोन मिनिटं कोमट पाण्यात ठेवा.

दीड-दोन फुटांचा चौकोन घ्या. पत्र्यावर आणि चकतीवर दोन्हीकडे सढळ हाताने फवारा. तीन बोटांखाली चकती ठेवून सरळ रेषेत पुढे-मागे फिरवा. गोल गोल नको, कारण चुकून चरा पडलाच तर सरळ चरा पॉलिशला सापडतो, गोल चरे उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात. दाब अजिबात नको, बोटांचं वजन पुरेसं आहे. सुरुवातीला क्ले कुरकुरते, अडकते, बारीक आवाज करते. सात-आठ फेऱ्यांत आवाज मावळतो आणि ती घसरू लागते. तो चौकोन झाला. तिथेच रेंगाळत घासत बसू नका.

पुसायला स्वच्छ मायक्रोफायबर. मग चकती उलटून बघा: त्यावर तपकिरी-काळे पट्टे दिसतील. ते आत घडी घालून मळा, नवी स्वच्छ बाजू काढा आणि पुढचा चौकोन. टप आणि बोनेट आधी, दारांचा खालचा भाग आणि बंपर शेवटी, कारण सगळ्यात जास्त वाळू तिथे असते आणि ती वर न्यायची नसते.

सगळं झालं की गाडी पुन्हा एकदा शाम्पूने धुवा, पिशवीने परत तपासा, आणि मग पॉलिश. सेडानला निवांत दोन तास धरा.

१०. आयर्न रिमूव्हर खरंच लागतो, की विकायला काढलेली अजून एक बाटली?

ज्यांची गाडी रुळांजवळ, एमआयडीसीत किंवा हायवेवर असते त्यांच्यासाठी ही बाटली क्लेपेक्षाही महत्त्वाची मानतो. क्ले कण उपटते, म्हणजे तो रंगावरून ओढला जातो. आयर्न रिमूव्हर त्याच्याशी रासायनिक क्रिया करून त्याला विरघळवतो आणि घर्षण शून्य. पत्र्यावरून जांभळे ओघळ उतरायला लागतात ती हीच क्रिया. लोखंड नसेल तिथे रंग बदलत नाही, म्हणून ती एक चाचणीही झाली.

वास कुजक्या अंड्यासारखा, सलूनमध्ये केस कुरळे करण्याच्या औषधासारखा येतो. हातमोजे घाला, बंद जागेत मारू नका, पॅकवर सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका आणि मुख्य म्हणजे पत्र्यावर वाळू देऊ नका. एवढं झाल्यावर बऱ्याच गाड्यांना क्लेचं काम निम्म्याहून कमी उरतं. डांबर आणि झाडाचा चीक मात्र याने जात नाही.

११. आमच्या सोसायटीत पाइप लावायला बंदी आहे. बादलीभर पाण्यात क्ले जमेल का?

जमेल, फक्त पहिली धुलाई बाहेर करून घ्या. जवळच्या वॉशिंग सेंटरवर प्रेशरने धुवून आयर्न रिमूव्हरही तिथेच उरकून घ्या, कारण त्याला भरपूर पाणी लागतं आणि जांभळे ओघळ पार्किंगमध्ये सोडले तर सेक्रेटरी भेटायला येणारच. घरी आल्यावर आठ-दहा लिटरच्या बादलीत पॅकवरच्या मापाने रिन्सलेस वॉश घाला. तेच पाणी स्प्रे बाटलीत भरून लुब्रिकंट म्हणून वापरा आणि शेवटची पुसणीही त्याच पाण्यात भिजवलेल्या मायक्रोफायबरने करा. खाली थेंबभर ओल राहते, बाकी काही नाही.

१२. क्ले जमिनीवर पडली. धुवून वापरू का?

टाकून द्या. पार्किंगमधली वाळू तिच्यात रुतली की धुवून निघत नाही. तीनशे रुपयांचा तुकडा वाचवायला गेलेल्याला बोनेटच्या पॉलिशचे काही हजार मोजताना पाहिलंय.

१३. एका बारमध्ये किती गाड्या होतात? उरलेला कसा ठेवायचा?

१०० ग्रॅमच्या बारमध्ये आपल्याकडच्या मळलेल्या तीन-चार हॅचबॅक सहज होतात. मळून मळून सगळी बाजू करडी झाली, नवी स्वच्छ बाजू निघेना, की तो संपला. ठेवताना लुब्रिकंटचा एक फवारा मारून त्याच्याच डबीत किंवा झिपच्या पिशवीत. गाडीच्या डिकीत ठेवू नका. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तो वितळून पिशवीला चिकटतो.

१४. वर्षातून किती वेळा करावं? आणि कधी?

पिशवी सांगेल तेव्हा. तरीही आकडा हवा असेल तर एकदा, फार तर दोनदा. आमच्याकडे दिवाळीआधी रांग लागते आणि ती वेळ योग्यच आहे: पावसाळ्यात लोखंड गंजून वर आलेलं असतं, चिखल-डांबर बसलेलं असतं, आणि पाऊस गेल्यावर लावलेलं वॅक्स टिकतं. दुसरी वेळ मे अखेरीस, पावसाआधी संरक्षक थर द्यायचा असेल तर. दर महिन्याला क्ले करणारे एक गृहस्थ ओळखीचे आहेत. त्यांच्या काळ्या गाडीवर आज उन्हात जे चरे दिसतात ते बरेचसे त्या हौसेचे आहेत.

१५. शोरूममधून कालच गाडी आणली. तिला कशाला क्ले?

गाडी तुमच्यासाठी नवी. ती कारखान्यातून निघून ट्रेलरवर किंवा मालगाडीवर प्रवास करून, मग उघड्या यार्डात काही आठवडे उभी राहून आलेली असते. रेल्वेने आलेल्या गाड्यांवर लोखंडाचे कण अनेकदा सापडतात. पिशवीची चाचणी करा. बहुतेक वेळा आयर्न रिमूव्हर आणि टपावर-बोनेटवर फाइन क्लेचा हलका हात एवढंच लागतं. नव्या गाडीवर कोटिंग करून घेणार असाल तर हे आधी झालंच पाहिजे, नाहीतर कण कोटिंगखाली कायमचा कोंडला जातो.

१६. क्ले केल्यावर काळ्या गाडीवर धुकं आल्यासारखं दिसतंय. रंग गेला का?

रंग गेला नाही. क्लेच्या घर्षणाने वरच्या पारदर्शक थरावर अतिसूक्ष्म चरे पडलेत. कारखान्यातून आलेल्या गाडीचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, त्यात तो पारदर्शक थर साधारण ४०-५०. म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. हे धुकं त्याच्या अगदी वरच्या अंगाला असतं आणि हलक्या फिनिशिंग पॉलिशने जातं. गडद, मऊ रंगाच्या गाड्यांवर ते हटकून दिसतं, पांढऱ्या-चंदेरी गाडीवर असलं तरी कळत नाही. लुब्रिकंट कमी पडलं, दाब दिला किंवा ग्रेड चुकली, या तिन्हींपैकी एक कारण असतं.

१७. क्लेवर गाडीचाच रंग लागला! आता?

घाबरू नका. जुन्या मारुती ८०० सारख्या अनेक गाड्यांना वर वेगळा पारदर्शक थर नसायचा, रंग हाच शेवटचा थर. उन्हाने मेलेला, भुकटी झालेला रंग क्लेला लागतो. हलक्या हाताने पूर्ण करा आणि नंतर वॅक्स नक्की लावा. पण २०१०नंतरच्या गाडीच्या एखाद्याच पॅनलवर असं झालं तर थांबा. तो पॅनल बाहेर कुठेतरी परत रंगवलेला असण्याची शक्यता दाट. सेकंडहॅंड गाडी घेताना असे शोध अनेकांना लागलेत.

१८. सिरॅमिक कोटिंग आहे, पुढे पीपीएफ पण आहे. क्ले चालेल?

कोटिंगवर शक्यतो नको. क्ले कोटिंगची निसरडी वरची बाजू मारते, पाण्याचे मणी होईनासे होतात. आधी आयर्न रिमूव्हर आणि पाण्याच्या डागांचा रिमूव्हर, तरीही खरखर उरलीच तर फाइन मिट, फक्त तेवढ्याच भागावर. कोटिंगची वॉरंटी चालू असेल तर आधी ज्याने केलं त्याला विचारा, नाहीतर नंतर बोट तुमच्याकडेच दाखवलं जाईल.

पीपीएफवर, म्हणजे रंग जपायला चिकटवलेल्या पारदर्शक फिल्मवर, फाइन क्ले चालते, पण कडांपासून दूर. कड उचलली गेली की तिथे मळाची काळी रेघ तयार होते.

१९. मॅट रंगाची गाडी?

नाही. मॅट रॅपवरही नाही. घासलेली जागा चकाकते आणि तो चमकदार डाग परत मॅट करता येत नाही. आयर्न रिमूव्हरवर थांबा.

२०. मागच्या आठवड्यात इन्शुरन्समध्ये डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं. कधी क्ले करू?

वर्कशॉपचा रंग भट्टीत भाजला तरी आतून पूर्ण घट्ट व्हायला वेळ घेतो. किमान महिनाभर तिथे क्ले, वॅक्स, कोटिंग काहीच नको. दमट पावसाळ्यात दोन महिने धरा. नव्या रंगात धुळीचे दाणे अडकलेले दिसत असतील तर ते क्लेने निघणार नाहीत, ते रंगाच्या आत आहेत. गाडी वर्कशॉपला परत न्या, ते बारीक पेपर मारून पॉलिश करून देतात. हे काम त्यांचंच आहे, संकोच करू नका. जिथे खडी लागून रंगाचे टवके उडालेत तिथेही क्ले टाळा, ती कडेला अडकून टवका मोठा करते.

२१. शेजारच्या इमारतीचं काम चालू आहे. गाडीवर सिमेंटचे थेंब आणि बाहेरच्या रंगाचे ठिपके आहेत. क्लेने निघतील?

दोन्ही वेगळे. सिमेंटवर क्ले घासली तर त्यातली रेती सुटून चरे पाडेल, नखाने खरवडलं तरी तेच. वेगळं सिमेंट रिमूव्हर मिळतं. ते नसेल तर अर्धं पाणी मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापूस थेंबावर थोडा वेळ ठेवायचा, थेंब भुसभुशीत झाला की भरपूर पाण्याने धुवायचा, वाटल्यास परत. जितके दिवस जातील तितकं अवघड. जुन्या सिमेंटखाली रंगालाही खड्डा पडलेला सापडतो.

रंगाचा फवारा मात्र क्लेचं खास काम. पाण्यातला डिस्टेंपर-इमल्शन ताजा असेल तर फाइन क्लेनेच येतो. ऑइल पेंट किंवा स्प्रेचा फवारा अख्ख्या गाडीभर असेल तर आमच्यासारख्याकडे या, आणि त्याआधी फोटो काढून कंत्राटदाराला दाखवा. खर्च त्याच्याकडून घेण्याचा हक्क तुम्हाला आहे, निदान मागून तरी पाहा.

२२. झाडाखाली गाडी लावतो. चिकट थेंब, पक्ष्यांची घाण. ते क्लेने काढू?

ठाण्यातले जुने पर्जन्यवृक्ष गाडीला जी चिकट पावडर-साखर लावतात ती बहुधा झाडाचा चीक नसून त्यावरच्या किडींचा गोड स्राव असतो. ताजा असेल तर कोमट पाणी आणि शाम्पू. आंब्याचा खरा चीक वाळून तांबूस झाला तर टार रिमूव्हर, आणि उरलेल्या पापुद्र्याला क्ले.

विष्ठेला क्ले कधीच नाही. तिच्यात बिया आणि रेती असते. ओला टिशू दहा मिनिटं ठेवून उचलून घ्या. खाडीतल्या रोहित पक्ष्यांवर काही जण आळ घेतात, पण दोषी कबुतरं, कावळे आणि रात्रीची वटवाघळं. खाली रंगावर नकाशा उमटला असेल तर तो कोरला गेलाय. ते काम पॉलिशचं.

२३. टँकरच्या पाण्याने धुऊन पांढरे गोल डाग पडलेत. क्ले?

क्लेने जाणार नाहीत. डाग क्षारांचे आहेत, पसरून चिकटलेले. पाण्याच्या डागांचा आम्लधर्मी रिमूव्हर किंवा व्हिनेगर-पाणी, सावलीत, मग लगेच धुवा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर गाडी वाळू देऊ नका, धुतल्याबरोबर पुसा. अर्धे डाग तिथेच टळतात.

२४. काच, हेडलाइट, काळं प्लॅस्टिक यांवर क्ले चालते का?

पुढच्या काचेवर जरूर. वायपर थरथरत, कुरकुरत असेल तर नवीन ब्लेड आणण्याआधी काच क्ले करून बघा. हेडलाइटवर हलक्या हाताने चालते, पण पिवळेपणा त्याने जात नाही. खरखरीत काळ्या प्लॅस्टिकवर नको, क्ले दाण्यांत भरून बसते. काचेवर वापरलेला तुकडा परत रंगावर आणू नका.

२५. क्ले करून पॉलिश केलं नाही तर चालेल? बजेट नाही सध्या.

चालेल, पण वॅक्स किंवा सीलंट लावल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. क्लेने जुनं वॅक्स बरंचसं उतरलेलं असतं. पांढऱ्या, चंदेरी गाडीला क्ले आणि वॅक्स एवढ्यावर भागतं. काळी किंवा गडद निळी असेल आणि पॉलिश करायचंच नसेल तर माझा सल्ला: क्लेही करू नका, आयर्न रिमूव्हरवर थांबा. प्रश्न १६ मधलं धुकं मग तुम्हाला रोज लिफ्टमधून उतरल्यावर दिसत राहील.

२६. डिटेलिंगवाला म्हणतो क्ले केलं. खरंच केलं हे कसं ओळखू?

गाडी देण्याआधी पिशवीने तपासून खरखरीत जागा लक्षात ठेवा, जमल्यास त्याच्यासमोरच तपासा. परत घेताना तिथेच पुन्हा हात फिरवा. वापरलेला तुकडाही मागा. दाखवायला हरकत कसली? तुमच्या गाडीचा मळ त्यात दिसलाच पाहिजे. कोटिंगच्या पॅकेजमध्ये ही पायरी गाळली जाते असा आमचा अनुभव आहे, कारण झालेल्या कामाच्या फोटोत ती दिसत नाही. आमच्याकडे आलात तरी पिशवी सोबत आणा.